तिकिटात सवलत मिळाली, पण एसटीची पायरी चढायची कशी?

सवलतींची यादी लांबलचक आहे. ४० टक्के आणि त्यावरच्या दिव्यांगांना एसटीच्या साध्या बसमध्ये तिकिटात ७५ टक्के सूट आहे. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असलं तर सोबत जाणाऱ्या माणसाचंही निम्मं तिकीट माफ. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट, तर महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० रुपये मिळत होते, ते २०२५ मध्ये २५०० केले. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा शासनाचा नियम आहे. कागद बघितला तर गावातल्या दिव्यांग माणसाला कशाची कमी आहे, असंच वाटेल.

आता हाच माणूस तालुक्याला निघाला की काय होतं ते बघा. एसटी फाट्यावर थांबते, पण थांब्यापासून पन्नास पावलं पुढं जाऊन. कुबडी टेकत तिथवर पोचेपर्यंत डबल बेल पडलेली असते. गाडी मिळालीच, तर पहिली पायरी गुडघ्याला येते. आत राखीव सीटवर धडधाकट माणूस मोबाइल बघत बसलेला. तहसीलला उतरून विचारलं, तर कित्येक ठिकाणी संजय गांधीचं टेबल वरच्या मजल्यावर. खालून निरोप पाठवला की वरून उत्तर येतं, 'त्यांनाच वर यायला सांगा, सही समोर लागते.'

पंचाहत्तर टक्के सवलत मिळूनही काम झालं नाही. उरलेले पंचवीस टक्के आणि दिवसभराचा रोज, दोन्ही वाया गेले.

घोळ इथंच आहे. सवलत ही पैशाची गोष्ट. ती सरकार जाहीर करतं, बॅनर लागतो, फोटो निघतो. सोय ही व्यवस्थेची आणि वागण्याची गोष्ट. टेबल खाली आणणं, गाडी थांब्यावरच उभी करणं, अंगठा उमटत नसेल तर दुसरा मार्ग देणं, यासाठी अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही. तरी तीच मिळत नाही. आणि मागितली तर मागणाऱ्यालाच ऐकवतात, 'एवढं सगळं फुकट मिळतंय, अजून काय पाहिजे?'

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात २१ झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले पीडित, शिकण्याची अक्षमता हे सगळे त्यात आले. गावात चर्चा होते ती बहुतेक या यादीची आणि टक्क्यांची. पण याच कायद्यात एक छोटी व्याख्या आहे, तिच्याकडं कुणाचं फार लक्ष गेलेलं नाही. साध्या मराठीत तिला 'वाजवी सोय' म्हणता येईल.

व्याख्येचा अर्थ असा. दिव्यांग माणसाला बाकीच्यांच्या बरोबरीनं आपला हक्क वापरता यावा म्हणून, त्या त्या वेळी जो आवश्यक आणि योग्य बदल करावा लागेल तो करायचा. मात्र समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. पुढं याच कायद्यात भेदभाव म्हणजे काय ते सांगितलंय, आणि तिथं स्पष्ट म्हटलंय की अशी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. भेदभाव म्हटलं की आपल्याला कुणी हाकलून दिलं, शिवी दिली, असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पण क्लार्क अगदी गोड बोलला, चहासुद्धा पाजला, आणि शेवटी 'नियम म्हणजे नियम, वर यावंच लागेल' म्हणाला, तर कायद्याच्या नजरेत तोही भेदभाव होऊ शकतो.

'अवाजवी बोजा' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. लाखभर उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीनं लिफ्ट बसवावी, असं कुणी म्हणत नाही. पण ग्रामसेवकानं कागद आणि शाईचं पॅड घेऊन चार पायऱ्या खाली उतरावं, यात बोजा कसला? तलाठी कार्यालयाचं (नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच) टेबल दाराजवळ आणणं हा बोजा नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला कागदावर दोन ओळी लिहून दाखवणं हाही नाही. दिसत नसलेल्याला सही घेण्याआधी कागद वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात.

आणखी एक गैरसमज आहे, आणि तो बऱ्याच जणांना नडतो. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नसेल तर काहीच मागता येत नाही, असं लोक धरून चालतात. पेन्शन, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, एसटीची सूट यांना टक्के लागतात, हे खरं. वाजवी सोयीचं तसं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका विद्यार्थ्याचं प्रकरण आलं. लिहिताना हात आखडण्याचा त्याला आजार. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्यानं लेखनिक मागितला. ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून नकार मिळाला. न्यायालयानं सांगितलं की टक्क्यांची ही अट लावून सोय नाकारता येणार नाही, लेखनिक द्या. दिव्यांगत्व आहे ना, मग अडचण काय आणि बदल कोणता लागेल, एवढंच बघायचं.

नव्या यूडीआयडी कार्डांना रंग दिलेत. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, त्यावर निळं. पांढरं कार्ड मिळालं की लोक ते पेटीत टाकून देतात, 'याच्यावर काय मिळत नाही' म्हणून. पेन्शन मिळत नाही, बरोबर. पण शाळेत, परीक्षेत, कामावर सोय मागायला तेच कार्ड उपयोगी पडतं.

रॅम्प की मोटारसायकलची घसरगुंडी

गावोगावी आता रॅम्प दिसतात. शाळेला, अंगणवाडीला, आरोग्य उपकेंद्राला. फोटोत दिसतात, बिलातही दिसतात. व्हीलचेअर मात्र त्यावरून चढताना फारशी दिसत नाही.

हिशेब सोपा आहे. रॅम्पचा उतार एकास बारा असावा, असं मानक आहे. म्हणजे ओटा एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब. सहा इंचाच्या चार पायऱ्या असतील तर उंची झाली दोन फूट, आणि रॅम्प लागला चोवीस फूट. दोन्ही बाजूंना धरायला कठडा, वर दारापाशी खुर्ची वळवायला सपाट जागा. आता आपल्या ग्रामपंचायतीचा रॅम्प पावलांनी मोजून बघा. दोन फुटांच्या ओट्याला सहा-सात फुटांचा उतार काढलेला असेल तर त्यावर व्हीलचेअर ढकलायला दोन गडी लागतील, आणि उतरताना ती हातातून सुटायची भीती. त्याचा खरा उपयोग होतो तो सदस्यांच्या मोटारसायकली व्हरांड्यात चढवायला! ठेकेदाराला दोष देऊन भागत नाही. इस्टिमेट करणाऱ्यानं लांबी लिहिलेली नसते आणि मोजमाप पुस्तिकेत 'रॅम्प, एक नग' एवढीच नोंद असते, तेव्हा चूक कागदावरच सुरू झालेली असते.

जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्यानं नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या नियमांवरच बोट ठेवलं. सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाहीत, पाळलीच पाहिजेत असे नियम तीन महिन्यांत करा, असा केंद्राला आदेश दिला. तालुक्यातल्या किती कार्यालयांत त्याची प्रत पोचली, हा वेगळाच विषय.

पाच टक्के निधीचंही इथंच बघून घेऊ. समजा गावाची घरपट्टी-पाणीपट्टी धरून स्वतःचं उत्पन्न दोन लाख आहे. पाच टक्के झाले दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर वाट्याला पाचशे-पाचशे. मार्च अखेरीला हे वाटप होतं, कधी रोख, कधी वस्तू. पाचशे रुपये नकोत असं कोण म्हणेल? पण दरवर्षी तेच होत राहिलं तर दहा वर्षांनीही ग्रामपंचायतीच्या पायऱ्या तशाच राहतात. हा निधी सगळ्यांच्या सोयीसाठीही खर्च करता येतो. मात्र एक धोका आहे. सरकारी इमारत सुगम करणं ही मुळात यंत्रणेची जबाबदारी. तिचा खर्च दिव्यांगांच्या पाचशे रुपयांतून कापायचा आणि वर त्यांनाच 'बघा, तुमच्यासाठी केलं' म्हणायचं, हा प्रकार ग्रामसभेनं चालू देता कामा नये.

अंगठा, डोळे आणि 'सर्व्हर डाऊन'

गेल्या दोन-तीन वर्षांत गावातल्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर तो ई-केवायसीत. रेशनला ई-केवायसी, बँकेला ई-केवायसी, योजनेला ई-केवायसी. पायऱ्या निदान डोळ्यांना दिसतात. इथला अडथळा दिसतच नाही.

आयुष्यभर खुरपं, विळा, विटा हाताळलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. कुष्ठरोगातून बरं झालेल्याची बोटंच नसतात. पॉस मशीन म्हणतं, जुळत नाही. दुकानदार म्हणतो, 'आजी, हात धुऊन या, तेल लावून बघा, उद्या या.' आजी तीन दिवस येते. दुकानदाराला शिव्या घालून उपयोग नाही, कारण साठा मशीनवर दाखवावा लागतो आणि हिशेब जुळला नाही तर नोटीस त्यालाच येते. पण केंद्राच्या अन्न विभागानं २४ ऑक्टोबर २०१७ लाच राज्यांना कळवलेलं आहे की आधार नाही किंवा बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नका. ठसे जुळले नाहीत तर डोळ्यांचं स्कॅन, ओटीपी, तेही जमलं नाही तर कार्ड बघून नोंद करून धान्य द्यायचं. अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी दुसऱ्या कुणाला नेमून धान्य आणण्याची सोय आहे. यातलं किती दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं असतं?

आता चेहरा दाखवून ई-केवायसी करायचं ॲप आलं. घरबसल्या होतं, ही चांगलीच गोष्ट. पण ॲप म्हणतं, डोळ्यांची उघडझाप करा. ज्याला दिसत नाही, त्यानं चेहरा गोलात कसा धरायचा? ज्याची पापणी हलत नाही, त्यानं उघडझाप कशी करायची? हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन व्यक्ती यांनी याचिका केल्या होत्या. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे, असं सांगितलं. डोळ्यांची उघडझाप हा एकच मार्ग ठेवू नका, दुसरे मार्ग द्या, अंगठ्याचा ठसाही चालवा, अशा वीस सूचना दिल्या.

बँक मित्राकडं किंवा शाखेत 'मशीन घेत नाही' असं उत्तर मिळालं, तर या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यायला हरकत नाही. मशीन घेत नसेल तर माणसानं घ्यायचं.

कुणी म्हणेल, घरोघरी जाणं सरकारला शक्य आहे का? शक्य आहे, आणि ते करूनही दाखवलंय. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्क्यांवरच्या दिव्यांग मतदारांना घरून मतदानाची सोय होती. १२-ड नंबरचा अर्ज मुदतीत दिला की मतदान पथक घरी यायचं. सोबत पोलिस, व्हिडिओ काढणारा, गुप्त मतदानाची व्यवस्था. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेलाही हेच झालं. वाडीवर, तांड्यावर, एका मतासाठी आख्खं पथक चिखल तुडवत गेलं. मतदानाच्या दिवशी केंद्रावर व्हीलचेअर आणि स्वयंसेवकही असतात. मतासाठी जे पथक घरी येतं, त्यातलं एक माणूस हयातीच्या दाखल्यासाठी का येत नाही, असं आजोबांनी विचारलं तर त्यांना उत्तर काय द्यायचं?

कामाच्या ठिकाणी

सरकारी नोकरीतल्या माणसासाठी कायदा कडक आहे. नोकरीत असताना अपघात झाला, डोळा गेला, पाय गेला, तर त्याला कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जमेल असं दुसरं पद त्याच पगारावर द्यायचं. पद नसेल तर जादा पद तयार करायचं. तरी माणसाला कोर्टात जावंच लागतं. तेलंगणाच्या राज्य परिवहन महामंडळातल्या एका चालकाला रंग ओळखता येत नाहीत म्हणून घरी बसवलं होतं. गाडी चालवू शकत नाही हे मान्य, पण डेपोत दुसरं काम नव्हतं का? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला योग्य पदावर घ्या, असा आदेश दिला. आपल्याकडं एसटीत, जिल्हा परिषदेत, शाळांत अशी प्रकरणं येतात, तेव्हा बहुतेक जण 'स्वेच्छानिवृत्ती घ्या' हा सल्ला मुकाट ऐकतात. ऐकायची गरज नाही.

खासगीतही अगदीच मोकळं रान नाही. २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेनं दिव्यांगांसाठी समान संधीचं धोरण करून ते जाहीर करायचं आणि या कामासाठी एक संपर्क अधिकारी नेमायचा, असा नियम आहे. जिनिंग मिल, दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था, सगळे यात येऊ शकतात. आपल्या भागातल्या किती संस्थांच्या भिंतीवर हे धोरण लावलेलं आहे, ते एकदा बघून यावं.

रोजंदारीचं खरं दुखणं वेगळं आहे. शेतात कामाला जाणाऱ्या बाईला आस्थापना कुठली आणि धोरण कुठलं? तिथं मुकादमाचा शब्द हाच नियम. तरीही सोयीची कल्पना गावाला नवी नाही. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. रोहयोच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी, लहान मुलं सांभाळायला एक बाई, हे ठरलेलं होतं. खोदकाम जमत नसेल त्याला पाणी पाजायचं, मुलं सांभाळायचं काम द्यायचं आणि मजुरी पूर्ण द्यायची. 'वाजवी सोय' हा शब्द कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी ती कल्पना आपल्या नाल्याच्या कामावर हजर होती.

ती नसली तर काय होतं, ते ऊसतोडीनं दाखवलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम बुडलं की खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, फडात शौचालय नाही, पाणी नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर महिलांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. चौकशी समितीनं डॉक्टरांपासून मुकादमापर्यंत बऱ्याच गोष्टींची चर्चा केली. खाडा परवडत नाही म्हणून बायकांनी पिशवी काढून टाकली, ही त्यातली एक मोठी बाजू होती. महिन्यातले दोन दिवस आणि आडोसा, एवढी सोय न मिळाल्याची ही किंमत. इथं अपंगत्वाचा कायदा लागू होत नाही, पण प्रश्न तोच. कामाचं वेळापत्रक शरीराप्रमाणं थोडं वाकवायचं, की शरीरच वेळापत्रकाप्रमाणं कापायचं?

शाळेचंही थोडक्यात. दहावी-बारावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना ताशी २० मिनिटं जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिक मिळतो. शिकण्याची अक्षमता असलेल्या, म्हणजे अक्षरं उलटसुलट दिसणाऱ्या, आकडेमोड न जमणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेनं वेळेत करावा लागतो. शहरातले पालक हे आठवी-नववीतच मागे लागून करून घेतात. गावात त्या मुलाला 'ढ' म्हणतात आणि दहावी नापास झाला की कामाला लावतात.

खोट्या प्रमाणपत्रांचं काय?

हा प्रश्न चावडीवर हमखास निघतो, आणि निघायलाच पाहिजे. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर जिल्हा परिषदांमध्ये कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी सुरू झाली. बदली टाळायला कानानं अचानक बहिरे झालेले लोक आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. खोटेपणानं लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. ती व्हावी.

पण खोट्याचा राग निघतो कुणावर? ज्याचं प्रमाणपत्र बनावट आहे, त्याला ओळखीपाळखी असतात, तो निभावून नेतो. फेरतपासणीच्या रांगेत दिवसभर उभा राहतो तो खरा पोलिओग्रस्त. 'तुला तर चालता येतंय की' हे वाक्य ऐकावं लागतं ते कमी दिसणाऱ्याला, मणक्याच्या आजारवाल्याला, ज्यांचं दुखणं वरून दिसत नाही त्यांना. आणि इथंच सवलत आणि सोय यातला फरक पुन्हा कामी येतो. सवलतीत पैसा आहे, म्हणून तिथं खोटा माणूस शिरतो. टेबल खाली आणा, मोठ्या अक्षरात पाटी लावा, कागद वाचून दाखवा, यासाठी खोटं प्रमाणपत्र कोण काढेल? तिथं तपासणीची कडक चाळणी लावायचं कारणच नाही. विचारलं की द्यायचं.

उलट बाजूही आहे. हक्क आहे म्हणून एकानं रांग मोडून सगळ्या कुटुंबाचे कागद पुढं सरकवायचे, कर्मचाऱ्याला अद्वातद्वा बोलायचं, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. अशानं मागच्या दहा खऱ्या माणसांचं नुकसान होतं.

मागायचं कसं

'सवलत मिळणेबाबत' असा मोघम अर्ज दिला की तो मोघमच फिरत राहतो. अर्जात काम कोणतं, अडचण कोणती, बदल कोणता हवा, हे तिन्ही लिहावं. उदाहरणार्थ, 'हयातीच्या दाखल्यासाठी वरच्या मजल्यावर चढता येत नाही, तळमजल्यावर सही घ्यावी.' अर्जाची पोच घ्यावी. साधं वाटतं, पण पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता, असंच धरलं जातं.

प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. तक्रार नोंदली की दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हा समितीकडं जाता येतं. त्याच्या वर पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला. विभाग मुंबईत आहे. तहसीलला तक्रार निवारण अधिकारी कोण, हे विचारलं तर क्लार्क एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. तेव्हा पहिला अर्ज हाच करावा, 'या कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि बसण्याची जागा लेखी कळवावी.'

पाच टक्के निधी कुठं गेला, हे माहिती अधिकारात विचारता येतं. त्याहून सोपी जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती बहुतेक गावांत असतेच. नोटीस निघाली की दिव्यांग मंडळींनी आधी एक कागद ग्रामपंचायतीत द्यावा, की सभा ओट्यावर न घेता खाली मोकळ्या जागेत घ्यावी, ठराव मोठ्यानं वाचून दाखवावेत, आणि निधीचा जमाखर्च त्या दिवशी फळ्यावर लिहावा. तो कागद आवक रजिस्टरला चढला की नाही, हे नंबर विचारून बघावं.